मुहूर्ताचे फोटो

मिरजेच्या त्या इस्पितळात सर्व्हरच्या खोलीत चपला घालून शिरायची कुणाची छाती नव्हती. मोठे डॉक्टर असोत नाहीतर खुद्द विश्वस्त, दारात पायताण काढायचं आणि लालासाहेब शेडग्यांनी मान हलवली की मगच आत पाऊल टाकायचं. लालासाहेब साताऱ्याचे. फौजेत सिग्नलला हवालदार होते, पेन्शनीत आले ते इथं चिकटले. मिशी फौजेतली तशीच ठेवलेली, आणि रागही तिथलाच. वॉर्डबॉय त्यांच्या खोलीला गाभारा म्हणायचे, अर्थात पाठीमागं.

आणि खरं सांगायचं तर गाभाराच होता तो. आत एकच लोखंडी कपाट, पण त्याच्या पोटात यंत्रं पुष्कळ. बिलाचं वेगळं, औषधांचं वेगळं, पेशंटच्या फायलींचं वेगळं. हाताला लागणारं एकही नाही, पण कामं मात्र प्रत्येकाची स्वतंत्र. वॉर्डातल्या टेबलांवर नुसते पडदे. बटण दाबलं की या कपाटात त्या टेबलापुरता एक संगणक जागा व्हायचा आणि त्याचं तोंड तिकडं पडद्यावर दिसायचं. साताऱ्याच्या शाखेतले पडदे इथूनच चालायचे, आणि पार जतच्या दवाखान्यातलेसुद्धा.

जतला कायमचा डॉक्टर मिळत नव्हता. त्या माळावर कोण येऊन राहणार? तिथं चारुशीला सिस्टर होत्या. त्या पेशंट तपासायच्या, ईसीजी काढायच्या, आणि मिरजेत बसलेले डॉक्टर सुमंत पेशंटची फाईल उघडून पडद्यावरून सल्ला द्यायचे. फाईल उघडली तर तो दवाखाना, नाहीतर चार पत्रे आणि एक बाक. अलीकडं ती उघडायचीच नाही. माणसं वाट बघून बघून कंटाळायची, एस्टीची वेळ झाली की टोपी झटकून उठायची आणि दुखणं घेऊन घरी जायची.

विश्वस्त पायगोंडा पाटील, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, एका सकाळी चपला काढून खोलीत आले आणि उभ्याउभ्याच बोलले, "लालासाहेब, पुढच्या शुक्रवारी मी जतला जाऊन बसणार. पेशंट बाकावरनं उठून खुर्चीत बसेपर्यंत फाईल उघडली तर ठीक. न्हाईतर कुलूप घालून येणार."

"अण्णा, आवं, दवाखाना बंद?"

"उपचार होणार म्हणून माणसाला बसवून घ्यायचं आणि तसंच लावून द्यायचं, ही फसवणूक हाय. दवाखानाच न्हाई म्हटल्यावर तो माणूस दुसरीकडं तरी जाईल." अण्णा दुष्ट नव्हते. जतचा दवाखाना त्यांनीच हट्टानं काढलेला होता. 

जतच्या पत्र्यावर चढून मिरजेशी जोडणारा अँटेना लालासाहेबांनी स्वतः बांधला होता. पहिल्या दिवशी पडद्यावर डॉक्टर दिसले तेव्हा बाया हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. तो दवाखाना बंद करायचा म्हणजे आपल्या हाताचं बोट तोडून देण्यासारखं होतं त्यांना. अण्णा बोलून गेल्यावर त्या दिवशी त्यांनी दोन वेळचा चहा परत पाठवला.

अण्णांनी सांगलीहून चंदना चौगुले हिला बोलावलं. हळदीच्या अडत्याची मुलगी, पुण्यात अशीच यंत्रं सांभाळून आता सांगलीत स्वतःचं काम काढलेली. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि डबा, बस्स. दारात तिनं न सांगता चपला काढल्या. तेवढ्यावरून लालासाहेब थोडे नरमले, पण थोडेच.

"काय मॅडम, काय काय खोलून बघणार?"

"आज काहीच नाही काका. आज फक्त बघत बसते."

आणि खरोखर बसली की! स्टुलावर, हात मांडीवर ठेवून, सकाळभर. तिला दिसलं ते असं. रोज सकाळी इस्पितळात स्पीकरवर जैनांचा णमोकार मंत्र लागायचा. अण्णांच्या घरची शिस्त. सगळा स्टाफ जागच्या जागी उभा, हात जोडलेले. मंत्र संपला की जो तो आपल्या टेबलाचं बटण दाबायचा. म्हणजे साऱ्या इस्पितळाचे, साताऱ्याचे नि जतचेही संगणक एका क्षणाला जागे व्हायला धडपडायचे, आणि कपाटाच्या नाकी नऊ यायचे.

"मंत्र बंद करायला सांगू नका हं," लालासाहेब आधीच म्हणाले. "अण्णा ऐकणार न्हाईत, आन् मीबी."

"मंत्र कशाला बंद करायचा? मंत्राच्या आधीच, एकामागून एक असे सगळ्यांना उठवून ठेवू. कपाटाला तसं सांगता येतं. लोकांनी बटण दाबलं की नुसता पडदा लागेल." असं म्हणून तिनं चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या सकाळी मंत्र संपला, बटणं दाबली गेली आणि पडदे फटाफट लागले. बिलाच्या खिडकीवरचा माणूस चकित होऊन शेजाऱ्याकडं बघत राहिला. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. बाई हुशार आहे, असं त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं.

पण पेशंटच्या फायली तशाच रखडत होत्या. मग चंदनानं त्या यंत्राचं पोट उघडून पडद्यावर मांडलं आणि भुवया उंचावल्या. तिथं एकाखाली एक नावं होती. गुढीपाडवा. महावीर जयंती. अक्षय्यतृतीया. बेंदूर. नागपंचमी. घटस्थापना. दसरा. लक्ष्मीपूजन. आणि मग पुन्हा गुढीपाडवा, असं थेट गेल्या दसऱ्यापर्यंत.

"काका, हे काय आहे?"

लालासाहेबांची छाती फुगली. "आपलं काम हाय ते. सगळं मुहूर्तावर घेतलेलं हाय."

त्याची गोष्ट अशी होती. मागं विश्वजित नावाचा इंजिनीअर इस्पितळात होता. एका पाडव्याला त्यानं यंत्रात नवा प्रोग्रॅम घालण्याआधी लालासाहेबांना शिकवलं, की आधी यंत्राच्या आतल्या सगळ्याचा आहे तसा फोटो, स्नॅपशॉट म्हणतात तो, यंत्रातच काढून ठेवायचा. काही बिघडलं तर फोटोवर परत जायचं. आणि नेमकं बिघडलंच! लालासाहेबांनी एक बटण दाबलं आणि यंत्र पुन्हा सकाळच्या जागेवर येऊन उभं राहिलं. सगळ्या इस्पितळात पेढे वाटले गेले. पुढं विश्वजित दुबईला गेला, पण फोटो काढायचं लालासाहेबांच्या हाडीमासी खिळलं. सण आला की कपाटापुढं नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि फोटो काढायचा. बेंदराला तर कपाटाला गुलालसुद्धा लावायचे. सगळी दुनिया त्या दिवशी बैल पुजते, मग आपला बैल हाच की. काढलेला फोटो पुसायचा मात्र नाही. पाडव्याच्या मुहूर्ताची वस्तू कोण पुसतो?

चंदना हसली नाही, हे त्या मुलीचं मोठेपण. दुसरा कुणी असता तर खो खो हसून बाहेर सांगत सुटला असता. ती म्हणाली, "काका, घरात वाकळा, गोधड्या आहेत?"

"हायेत की. लय हायेत."

"ट्रंकेवर एक वाकळ ठेवली, काही बिघडत नाही. पण दर सणाला आणखी एक ठेवत गेलं, तर? फोटो काढला की यंत्र जुन्या कागदावर लिहायचं थांबतं. नवं सगळं वरच्या घडीत लिहितं. एखाद्या पेशंटची फाईल मागितली की ते ही घडी उचलून बघतं, मग त्याखालची, मग त्याखालची. यंत्र त्या ट्रंकेपर्यंत पोचेस्तोवर तुमची सातारा-जतची माणसं बसून राहतात."

 लालासाहेबांचा आवाज एकदम चढला. "म्हंजी जतचा दवाखाना मी बंद पाडतोय व्हय? मी? माझ्या नारळानं?"

"नारळाचं काही नाही हो. तुमची काळजी खरी होती, पण फोटो ही थोड्या वेळापुरती सोय असते. जपून ठेवायची प्रत वेगळी असते, ती दुसरीकडं असावी लागते."

"ती हाय की! क्लाउडवर रोज जाती. विश्वजितनं लावून दिल्याली हाय."

"उघडून बघितलीत कधी?"

 लालासाहेबांनी नकारार्थी मान हलवली. चंदनानं क्लाउडचं दार उघडलं, तर आत अलीकडची प्रतच नव्हती. यंत्राला फोटोंची एक हद्द असते. रोजची प्रत काढायलासुद्धा त्याला क्षणभराचा एक फोटो घ्यावा लागतो. मुहूर्तांनी सगळी जागा भरल्यावर त्याला तो घेता येईना, आणि गेल्या दसऱ्यापासून क्लाउडवर एकही प्रत गेलेली नव्हती. इशारे रोज येत होते, पण विश्वजितच्या इस्पितळातल्या ईमेल पत्त्यावर. तो पत्ता आता कुणीच उघडत नव्हतं.

म्हणजे दसऱ्यानंतर आलेल्या प्रत्येक माणसाचं दुखणंखुपणं, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, सगळं या एका कपाटात वाकळांच्या त्या ढिगात होतं. आणि कपाटात मोकळी जागा जेमतेम उरलेली.

लालासाहेबांच्या कपाळावर घाम आला. असा माणूस घाबरला की घाई करतो. "पुसा मग! आत्ताच्या आत्ता सगळं फोटो पुसा. शुक्रवार तोंडावर आलाय, मॅडम!"

"नाही."

"आवं, पर तुमीच म्हणालात की..."

"पुसणं म्हणजे चुरगळून टाकणं नव्हे. एकेक घडी खालच्या घडीत मिसळावी लागते. मध्येच जागा संपली तर जतच्या माणसांची ना जुनी फाईल राहील ना नवी. शुक्रवार हुकला तर हुकला काका, मी अण्णांना सांगेन. पण दुसरी प्रत हातात आल्याशिवाय याला बोट लावणार नाही."

आवाज चढवला नव्हता तिनं. पण लालासाहेबांनी आयुष्यभर साहेबांचे आवाज ऐकलेले होते आणि कुठला आवाज मागं हटत नाही हे त्यांना बरोबर कळायचं. ते खुर्चीत बसले. "बरं. सांगा काय करायचं ते," एवढंच म्हणाले.

साताऱ्याच्या शाखेत नवं यंत्र येऊन पडलेलं होतं, खोक्यातून काढून नुसतंच लावून ठेवलेलं. चंदनाचा बेत साधा होता. रविवारी ओपीडी बंद असते. तेवढी दुपार फायलींचं यंत्र थांबवायचं, वॉर्डातल्या लोकांनी कागदावर लिहायचं, आणि इथल्या ढिगाला हात न लावता त्याची एकच सपाट, घड्या नसलेली प्रत साताऱ्याच्या यंत्रावर करायची. डॉक्टर सुमंत थोडे कुरकुरले, पण अण्णांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि कुरकुर मिटली.

रविवारी दोघं साताऱ्याला गेली. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती आणि लालासाहेब तिच्यापुढं पहाऱ्याला बसल्यासारखे बसले होते. मध्ये एकदा पट्टी थांबली.  चंदनानं मिरजेकडची एक आडवी आलेली तार सोडवावी तसं काहीतरी केलं, आणि पट्टी पुन्हा चालू लागली. "काय केलंत?" "वाटेत दुसरं एक काम घुसलं होतं. त्याला म्हटलं, जरा बाजूला हो." बोलता बोलता ती बाटलीतलं पाणी प्यायली. केवढा शांतपणा! आपण या वयाचे असताना साध्या वायरला शिव्या घालायचो, हे आठवून लालासाहेबांना हसू आलं.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा तिचा जैन घरातला नेम. लालासाहेबांनी घरी आधीच फोन करून ठेवला होता, आणि त्यांच्या मालकिणीनं कांदा-लसूण न घालता झुणका, भाकरी नि शेंगांची आमटी करून वाढली. "कांद्याबिगर झुणका पहिल्यांदाच केला बघ, गोड मानून घे," त्या म्हणाल्या. चंदनानं दोनदा मागून घेतला. कुणी मनापासून जेवलं की त्या घराला ते माणूस आपलं वाटतं. परतीच्या वाटेवर लालासाहेबांच्या तोंडून मॅडम गेलं आणि पोरी आलं.

सोमवारी फायली साताऱ्याच्या यंत्रावरून चालू झाल्या, आणि सपाट प्रतीची आणखी एक प्रत क्लाउडवर गेली. लालासाहेबांना वाटलं, झालं. पण नाही. चंदनानं क्लाउडवरची ती प्रत उतरवून एका कोपऱ्यात वेगळं यंत्र म्हणून उभी केली, बाकीच्यांशी संबंध तोडून, आणि कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला. "काका, तुमची स्वतःची फाईल शोधा यात."

लालासाहेबांनी एका बोटानं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर टाकेपर्यंत त्यांच्या गुडघ्याचा एक्सरे पडद्यावर! दसऱ्यानंतरचा, दिवाळीत काढलेला. ते बघतच राहिले.

"ठेवलंय म्हणून आहे असं धरून चालायचं नाही काका. उघडलं, की मग आहे म्हणायचं."

"पोरी," ते म्हणाले, "बारा गावचं पाणी प्यालो मी, पर अशी पारख न्हाई बघितली. तू आमच्या पलटणीत असतीस तर आमी निवांत झोपलो असतो की गं."

मग मिरजेचा ढीग काढायची वेळ आली, कारण सपाट प्रत कपाटात परत आणायला जागा हवी होती. चंदना बाजूला सरकली. दुसरी प्रत हातात असल्यानं आता घड्या मिसळायची गरज नव्हती, जुनं यंत्रच अख्खं पुसायचं होतं. हे काम तिनं लालासाहेबांनाच करू दिलं. त्यांनी जुन्या यंत्रावर माऊसचा बाण नेला. बेंदराच्या नावावर नजर पडली तसं बोट थांबलं. गुलालाच्या हातानं घेतलेला फोटो तो. त्यांनी कपाटाला एकदा नमस्कार केला आणि बटण दाबलं. सगळे सण एकदम गेले. वाईट वाटलं त्यांना, फारच वाटलं, आणि लपवलंही नाही. पण दुपारी वॉर्डातून नर्सबाईचा फोन आला, "लालासाहेब, आज फायलींना पाय फुटलेत काय हो?" तेव्हा ते गालातल्या गालात हसले.

शुक्रवारी अण्णांच्या गाडीतून तिघंही जतला गेली. माळावर ऊन रटरटत होतं, दवाखान्यापुढं पाण्याचा टँकर उभा होता. अण्णांनी कुलूप आणलं होतं. पितळेचं, भक्कम. ते त्यांनी सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसले. चारुशीला सिस्टरांनी त्या कुलपाकडं बघितलं आणि ईसीजीचं यंत्र पुढं ओढलं.

पहिला पेशंट अर्जुना नावाचा मेंढपाळ. अंगावर घोंगडं, हातात काठी. दसऱ्यानंतर कधीतरी पायाच्या जखमेसाठी येऊन गेलेला. "अक्का, काय न्हाई, पित्त चढलंय," तो बाकावरून उठत सिस्टरांना म्हणाला. "छातीत जळजळतंय जरा. गोळी द्या, मेंढरं सोडून आलोय."

तो खुर्चीत टेकला नव्हता, तोवर फाईल उघडली.

अण्णांनी मान पुढं काढली. लालासाहेबांनी चंदनाकडं बघितलं. पण चारुशीला सिस्टरांचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. त्यांनी रीतीप्रमाणं ईसीजी काढला, आणि तो निघाल्या निघाल्या मिरजेत डॉक्टर सुमंतांपुढं गेला. पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा दिसत होता. "तसं फार काही दिसत नाही," ते म्हणाले. "पित्तच असेल. थांबा, त्याचा जुना ईसीजी आहे का फाईलमध्ये?" होता. मिरजेत पायाचं छोटं ऑपरेशन करताना काढलेला. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि त्यांचा आवाजच बदलला.

"सिस्टर, याला उठू देऊ नका. हे पित्त नाही. हा बदल नवा आहे. मी सांगतो ती गोळी चावून खायला द्या, आणि अँब्युलन्स दारात लावा. आत्ता."

"आवं, माझी मेंढरं..." अर्जुना उठायला लागला. लालासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवला. "मेंढरं हाईत जागच्या जागी. तू बस गड्या." अँब्युलन्स निघाली तेव्हा अण्णा स्वतः तिचं दार लावायला उठले होते.

मग दवाखान्यात इतर पेशंट आले, गेले. प्रत्येकाची फाईल खुर्चीच्या आधी उघडत होती, पण आता ते मोजत कोण होतं? सगळ्यांचे कान फोनकडं. ऊन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टर सुमंतांचा फोन आला. हृदयाची नळी तुंबली होती, मोकळी केली, आता माणूस स्थिर आहे. "घरी गेला असता," ते म्हणाले, "तर आजची रात्र काढली नसती त्यानं."

 अण्णांनी टेबलावरचं कुलूप उचललं आणि पिशवीत टाकलं. "चंदना," ते म्हणाले, "तुझ्या वडलांना सांगायला पाहिजे, पोर लाखातली हाय म्हणून." चंदना लाजली आणि उगाच केबल गुंडाळू लागली.  या मुलीनं घाई केली असती, किंवा त्या दिवशी आपलं ऐकलं असतं, तर तो जुना ईसीजी कुठं असता, हा विचार लालासाहेबांना सोडत नव्हता.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. सिस्टर आत होत्या, म्हणून लालासाहेबांनी उचलला. पलीकडं एक बाई होती, दमलेली, मागं मेंढरांचा कालवा.

"दवाखाना व्हय? आमचं मालक सकाळी गोळी आणायला आल्यात तिकडं. नाव अर्जुना. अजून आलं न्हाईत. मी वाटंवर उभी हाय. तिथनं कवा निघालं वो?"

एरवी तोफेसारखं बोलणाऱ्या लालासाहेबांनी आवाज खाली आणला.  

"बाई," ते म्हणाले, "त्येंला मिरजेला न्हेलंय. काळजी करू नगा. जिता हाय तुमचा मालक. ऐकू येतंय का? जिता हाय."

पलीकडं काही क्षण नुसता मेंढरांचा आवाज येत राहिला. मग बाई रडायला लागली, आणि इकडं लालासाहेबही.